भार कुठं जातो

पडद्याच्या वर्गाची किल्ली तिथल्या शिपाई मामींच्या कमरेला असायची आणि ती दुसऱ्या कुणाच्या हातात गेलेली कुणी पाहिली नव्हती. विद्यापीठाचे पाच कॅम्पस. त्यातला हा सगळ्यांत धाकटा, आणि धाकट्याच्या नशिबी असतं तेच याच्या नशिबी होतं, थोरल्यांचं उतरलेलं वापरायचं. बाकं मोठ्या कॅम्पसची जुनी, पंखे जुने, आणि मास्तरही तिकडचेच, तेसुद्धा अंगानं येत नसत. मोठ्या कॅम्पसवर त्यांचे तास एकदा रेकॉर्ड करून सर्व्हरवर ठेवलेले असत आणि पाचही ठिकाणची मुलं ठरल्या वेळी ते पडद्यावर बघत. आड एक, पोहरे पाच.

मामींना त्यातलं ओ की ठो कळत नसे आणि कळत नाही हे सांगायला त्या लाजतही नसत. रिमोटचं हिरवं बटण दाबायचं, पडदा निळा झाला की मागच्या बाकावर जाऊन बसायचं, तास संपला की दिवे लावायचे. प्रोजेक्टर तापला की भाजक्या धुळीचा वास यायचा. खिडक्यांचे जाड पडदे ओढलेले असल्यामुळे दिवसाढवळ्या तिथं संध्याकाळ असे. एवढ्या अंधारातही कुणाच्या तोंडात च्युइंगम असलं तर मामींना ते मागून दिसायचं.

"गिळ नाहीतर थुंक," त्या म्हणत. "बाकाखाली चिकटवलंस तर तुझ्याच केसांनी पुसून घेईन."

मुलं हसत, पण चिकटवत नसत.

सकाळच्या पहिल्या तासाला पडद्यावर जो शिकवायचा, तो मामींचा मुलगा होता. इमारती कशा उभ्या राहतात ते तो शिकवायचा. तुळई, खांब, पाया. आवाज शांत, घाई नाही. हातातल्या मार्करनं टेबलावर दोनदा टकटक करायचा आणि विचारायचा, "मग हा भार कुठं जाईल?" विचारून थांबायचा. रेकॉर्डिंगच्या खोलीत त्याच्यासमोर मुलं नसायची, बायको असायची. ती त्याच विद्यापीठाच्या तांत्रिक विभागात होती, कॅमेऱ्यामागं उभी राहायची. थांबायला तिनंच शिकवलं होतं त्याला. प्रश्न विचारला की श्वासभर थांबा, पाच ठिकाणची मुलं उत्तर देतील. तो श्वासभर थांबायचा आणि "बरोबर, जमिनीत," म्हणून पुढं जायचा. प्रत्येक तासाचा शेवट हाच. छताचा भार तुळईवर, तुळईचा खांबावर, खांबाचा पायावर, आणि पायाचा जमिनीत.

तो आजारानं गेला त्याला पाचवं वर्ष सरत आलं होतं. तास मात्र चालूच होते.

"बघवतं का हो तुम्हाला?" ऑफिसातल्या एका बाईनं एकदा विचारलं होतं.

"का? चोरी करतोय का तो?" मामी म्हणाल्या, आणि त्या बाईनं पुन्हा विचारलं नाही.

घरी तिघी होत्या. मामी, सून आणि भिंगरी. भिंगरी म्हणजे नात. एका जागी दोन क्षण टिकायची नाही म्हणून भिंगरी. बाप गेला तेव्हा ती रांगत होती. मामींनी तिला पडद्याच्या वर्गात एकदाही नेलं नव्हतं आणि सुनेलाही बजावलं होतं, घरात त्याचा आवाज लावायचा नाही. पोरीनं पडद्याला बाप म्हणत मोठं व्हायला नको. सून मुकाट्यानं हो म्हणाली होती. त्या दोघी फार बोलत नसत. दोघींच्या पाठी दिवसभर दुखत आणि दोघी एकमेकींना ते सांगत नसत.

एका संध्याकाळी ताटं उचलताना सून म्हणाली, "आई, या सत्रानंतर यांचे तास सर्व्हरवरून काढायचेत. अभ्यासक्रम बदलला. नवे मास्तर नवीन रेकॉर्ड करणार आहेत."

"कोण काढणार?"

"मीच. काम माझंच आहे ते."

मामी नळाखाली पेला धूत होत्या. "काढा की. मला काय विचारता, मला त्यातलं काय कळतंय," असं म्हणून त्यांनी तोच पेला पुन्हा धुतला. मग पुन्हा. ठेव म्हणायला त्यांची जीभ वळली नाही. आयुष्यभर कुणापुढं हात पसरला नव्हता, तो सुनेपुढं पसरायचा? पण त्या रात्री त्यांनी उशीला सांगितलं, सत्र संपेपर्यंत एकही तास चुकवायचा नाही.

पहिल्यांदा ते झालं तेव्हा मुलांना गंमत वाटली.

तास नेहमीसारखा चालला होता. फळ्यावर एका जिन्याचं चित्र. टकटक. "मग हा भार कुठं जाईल?" आणि तो थांबला. श्वासभर थांबला, दोन श्वास थांबला. मुलं चुळबुळली. पुढच्या बाकावरची एक चष्मेवाली होती, तोंडाची फटकळ, ती म्हणाली, "मामी, अडकलं वाटतं. रिमोट आपटा जरा."

"माझ्या हातानं आपटलेलं परत उठत नाही," मामी म्हणाल्या. त्यांनी हिरवं बटण दाबलं. काही नाही. पडद्याच्या खाली वेळेचे आकडे असतात, ते थांबले होते. चित्र अडकलं म्हणावं, तर त्याच्या पापण्या मिटत होत्या, उघडत होत्या. शर्ट छातीवर हलत होता.

मामींना लहानपणचा तो आठवला. दारात उभा राहून असाच बघत राहायचा, काही हवं असलं की मागायचा नाही, नुसता थांबायचा. आणि त्या वैतागायच्या. तशाच त्या आत्ताही वैतागल्या.

"जमिनीत, दुसरं कुठं जाणार!" त्या मागून ओरडल्या.

"बरोबर," तो म्हणाला, आणि आकडे पुढं सरकले.

सगळा वर्ग हसत सुटला. चष्मेवालीनं वळून टाळ्या वाजवल्या. "मामी पास!"

मामीही हसल्या. त्यांच्या हातांनी मात्र बाकाची कड घट्ट धरली होती. "बरोबर" म्हणण्याआधी तो किंचित हसला होता. मामींनी हा तास मागच्या वर्षी पाहिला होता, त्याच्याही मागच्या वर्षी पाहिला होता. त्यात तो हसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मामी मुद्दाम ओठ आवळून बसल्या. बघू तरी. चष्मेवालीनं "जमिनीत" म्हणून पाहिलं, मग सगळ्या मुलांनी एका सुरात म्हणून पाहिलं. तो थांबूनच होता. मुलांच्या डोक्यांवरून पलीकडे, मागच्या बाकाकडे बघत होता. प्रोजेक्टरचा पंखा घरघरत होता. एकेक मूल वळून मामींकडे बघायला लागलं आणि आता कुणी हसत नव्हतं.

"जमिनीत," मामी पुटपुटल्या.

"बरोबर."

मुलांचं काय, चार दिवसांत त्यांना सवय झाली. मशीनचं काहीतरी असेल म्हणून त्यांनी सोडून दिलं. मशीनचं असलं की हल्ली कुणाला काही नवल वाटत नाही. आणि मामींना खरं सांगायचं तर सुख झालं. त्या ठेवणीतले कपडे घालून यायला लागल्या. केस नीट विंचरून. जो कधी परत बोलणार नव्हता तो रोज सकाळी एक प्रश्न विचारत होता, तोही त्यांनाच, आणि त्याचं उत्तर त्यांना येत होतं. कुठल्या आईला एवढं मिळतं? सत्र संपायला अवकाश होता. मामींनी मनाशी गाठ बांधली, घरी यातलं अक्षर बोलायचं नाही.

पण बोलणं घरी आलंच. सून एका संध्याकाळी बूट न काढता आत आली.

"आई, तुमच्या वर्गातला माइक कुठं लावलाय तुम्ही?"

"डोंबलाचा माइक! मला बटण एक माहीत आहे, हिरवं."

"दुसऱ्या कॅम्पसवरून तक्रार आलीय. मग तिसऱ्यावरून. म्हणाले, तासात मागून कुणी बाई उत्तर देते. मी फाइल उघडून ऐकली." सून खुर्चीवर बसली. "तुमचा आवाज आहे. 'जमिनीत, दुसरं कुठं जाणार.' आणि त्याच्यामागं मुलं हसतायत."

मामींनी ओट्यावरचा पेला उचलून पुसायला घेतला.

"ते रेकॉर्डिंग सहा वर्षांपूर्वीचं आहे, आई. खोलीत हे होते आणि मी होते. तुमच्या वर्गातून इकडं काही येतच नाही. इकडून तुमच्याकडं येतं फक्त. आडातलं पोहऱ्यात येतं. पोहऱ्यातलं आडात कसं जाईल?"

"पोहरा पडला की जातं," मामी म्हणाल्या.

सुनेनं त्यांच्याकडं पाहिलं. मग मामींनी सगळं सांगितलं, पेला पुसत पुसत, जणू शेजारणीचं सांगत होत्या.

सून दुसऱ्या दिवशी येऊन वर्ग बघून गेली. भिंतीतल्या माइकची वायर कधीचीच उंदरांनी कुरतडलेली होती. तिनं वायर हातात धरून बराच वेळ पाहिली, मग खिशात घातली. ऑफिसात जाऊन तिनं फाइलींमधून मामींचा आवाज कापून टाकला. एवढंसं तर काम.

त्याच्या दुसऱ्या सकाळी पाचही कॅम्पसवर तो थांबला. पाच वर्गांत, एकाच वेळी, मार्कर हातात धरून. मामींनी इथं "जमिनीत" म्हटलं, दोनदा म्हटलं, पण तो हलला नाही. कापलेली जागा जखमेसारखी उघडीच. तांत्रिक विभागाचे साहेब फोनवर सुनेला नाही नाही ते बोलले. त्या फाइली पुसून तिनं जुनी प्रत परत चढवली, जपून ठेवलेली, कुणी हात न लावलेली. त्यात मामींचा आवाज नसायलाच हवा होता.

होता.

तेव्हापासून मामींचं सुख आटलं. आवाज फाइलीत होता तरी मामींनी वर्गात येऊन उत्तर दिल्याशिवाय आता पाचही पडदे हलत नसत, एक तासही चुकवायची सोय राहिली नाही. त्यांना कणकण आली म्हणून एक दिवस किल्ली पहिल्यांदाच दुसऱ्याच्या हाती देऊन घरी राहिल्या, तर पाच कॅम्पस खोळंबले. सुनेचा फोन आला, "आई, जमेल का हो यायला?" आवाज इतका थकलेला की मामींना तिच्यावर ओरडवलं नाही. त्या शाल गुंडाळून गेल्या. मुलं बाहेर व्हरांड्यात उभी होती, आत कुणी बसायला तयार नव्हतं. आत तो एकटाच, निळ्या उजेडात, रिकाम्या बाकांकडं बघत थांबलेला.

"जमिनीत," मामी दारातूनच म्हणाल्या.

"बरोबर," तो म्हणाला. पूर्वी तो हसायचा. आता हसलाही नाही. उशीर झाला म्हणून रुसल्यासारखा.

कणकण गेली नाही. गुडघे सुजले. रोज ते दार, तो धुळीचा वास, ती टकटक. मेलेल्या माणसाला रोज जेवू घालावं तसं एक उत्तर घालायचं, आणि त्याची भूक काही भागायची नाही. सुनेलाही झोप नव्हती. दोघी सकाळी चहा पिताना एकमेकींकडं न बघता बसत. भिंगरी मधे बसून दूध सांडत असे.

आणि मग एका सकाळी मामींचा तोल गेला. अंगात ताप, बाहेर मुलांचा कलकलाट, पडद्यावर टकटक. "मग हा भार कुठं जाईल?"

"अरे, किती वेळा सांगू?" मामी उठून उभ्या राहिल्या. "सारखं मलाच काय विचारतोस? मी थकले रे बाबा. दुसऱ्या कुणाला विचार आता."

चष्मेवालीनं मान खाली घातली.

पडद्यावर तो थोडा वेळ बघत राहिला. मग त्यानं मान हलवली. लहानपणी कामाला पाठवलं की हलवायचा तशी, शहाण्यासारखी.

"बरोबर," तो म्हणाला आणि पुढं शिकवायला लागला.

दुसऱ्या दिवशी तो थांबला नाही. श्वासभर थांबला, पूर्वीसारखा, आणि आपला आपण पुढं गेला. मामींकडं पाहिलंही नाही. साहेबांनी सुनेला शाबासकी दिली, बिघाड दुरुस्त केल्याबद्दल. मामींनी घरी येऊन दिवसभर झोप काढली. उठल्या तेव्हा त्यांच्या मनाला जरा लागलंच होतं, की एका शब्दात ऐकलं त्यानं. पण अंगातला ताप उतरला होता. सुनेनं त्या संध्याकाळी किती दिवसांनी केस धुतले. भिंगरीचा पुढचा दात पडला होता, तो मुठीत धरून ती घरभर नाचली.

"आजी, बघ, वाला येतो इथून," ती म्हणाली. "वारा" म्हणायचं होतं तिला.

"मग तोंड मीट, सर्दी होईल," मामी म्हणाल्या. घरात हसू आलं होतं.

सत्राचा शेवटचा तास तेवढा उरला होता. सोमवारी तो दाखवायचा आणि मग सगळेच तास काढून टाकायचे. शुक्रवारी सून घरी आली तेव्हा उजेड होता. तिनं भिंगरीला शेजारी खेळायला पाठवलं, दार लावलं आणि लॅपटॉप टेबलावर ठेवला. हेडफोन मामींच्या पुढं धरला.

"शेवटचा तास तपासत होते," ती म्हणाली. "ऐका."

"मला नको."

"ऐका, आई."

मामींनी हेडफोन कानाला लावला. गार होता. त्याचा आवाज, शांत, घाई नाही. टकटक. "मग हा भार कुठं जाईल?"

मग एक लहान आवाज, अगदी माइकच्या जवळून.

"जमिनीत, बाबा."

पडलेल्या दाताच्या फटीतून हवा निसटत होती.

मामींनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. दात परवा पडला होता.

"तू हिला तिथं नेलं होतंस?" त्यांनी विचारलं. उत्तर माहीत असून विचारलं.

सुनेनं मान हलवली. नाही.

"त्याचा आवाज ऐकवलास कधी?"

"तुम्हीच नको म्हणाला होता."

बाहेर कुणाच्या तरी दारात भिंगरीचं हसणं ऐकू येत होतं. मामींना आपलंच बोलणं आठवलं. दुसऱ्या कुणाला विचार आता. शहाणा पोरगा. सांगितलं तसं करणारा.

ज्या तासांसाठी त्यांनी जीभ दाताखाली धरली होती, ठेव म्हणायचं गिळलं होतं, त्याच तासांबद्दल त्या म्हणाल्या, "पुसून टाक. सगळे. सोमवारची वाट बघू नकोस."

"आई, पुन्हा मिळणार नाहीत."

"पुस म्हणते ना."

दोघी मिळून गेल्या. मोठ्या कॅम्पसच्या त्या खोलीत मामी पहिल्यांदाच आल्या होत्या. काळी कपाटं, हिरवे दिवे, थंडगार हवा. सून एकेक तास पुसत गेली आणि मामी तिच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. शेवटचा पुसताना सुनेचं बोट थांबलं. मामींनी तिच्या बोटावर आपलं बोट ठेवलं आणि दाबलं.

जपून ठेवलेली प्रतही पुसली. घरातल्या लॅपटॉपमध्ये होतं नव्हतं तेही पुसलं. परतताना दोघी रडल्या नाहीत. बसमध्ये सून मामींच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली, आणि मामींनी तिला झोपू दिलं.

रविवारी दुपारी ऊन खिडकीतून फरशीवर पडलं होतं. सून आत झोपलेली. मामी खुर्चीत बसून भिंगरीच्या शर्टाचं बटण शिवत होत्या. भिंगरी फरशीवर लाकडी ठोकळ्यांची इमारत बांधत होती. चार खांब, वर आडवी पट्टी, पट्टीवर आणखी एक ठोकळा.

घरात कसलाही पडदा चालू नव्हता. मामींनी सकाळीच सगळ्या वायरी काढल्या होत्या.

भिंगरीनं हातातला ठोकळा फरशीवर दोनदा आपटला. टकटक.

मग ती थांबली. एका जागी. मान थोडी कलती करून.

मामींची सुई थांबली.

"जमिनीत, बाबा," भिंगरी म्हणाली.

भिंगरीच्या चेहऱ्यावर हसू आलं, पाठ थोपटल्यासारखं. मग हळूहळू ते गेलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. तिनं मागं वळून पाहिलं.

"आजी," ती म्हणाली, "जमिनीतून पुढं कुठं जातो?"

मामींनी तोंड उघडलं. मग मिटलं.

"सांग ना लवकर," भिंगरी कुजबुजली. "ते थांबलेत."